रस्ता होत असतां उडणारी धूळ

अंगण झाडण्यापूर्वीं पाण्याचा सडा घालावा, ही गोष्ट महाराष्ट्रांतील कोणत्याहि गृहिणीस शिकवावी लागत नाहीं. कोरड्या अंगणांत केरसुणी फिरविली तर केर कोपऱ्यांत जमतो खरा, परंतु त्यांतला बारीक भाग उडून ओसरीवर, देव्हाऱ्यांत आणि झांकण नसलेल्या भांड्यावर जाऊन बसतो. पाणीहि बेताचेंच शिंपडावें लागतें. तें अधिक झालें तर चिखल होतो, चिखल पायांबरोबर घरांत येतो, आणि वाळला म्हणजे त्याची पुन्हां धूळ होते. शहरांत रस्ता बांधला जात असतां हवा कशी राखावी, ह्या प्रश्नाचें निम्में उत्तर ह्या जुन्या रीतींत आलेलें आहे. उरलेलें निम्में मात्र इतकें सोपें नाहीं.

मुंबईंतील घरांना हा प्रश्न गेल्या कांहीं वर्षांत फार जवळून पहावा लागला. डांबरी रस्ते काढून त्यांच्या जागीं सिमेंट काँक्रीटचे रस्ते करण्याचें मोठें काम तेथील महानगरपालिकेनें २०२३ पासून जोरानें चालविलें. दोन टप्प्यांत मिळून सुमारें ७०० किलोमीटर लांबीचे रस्ते त्यांत धरले होते. आतां पावसाळ्यांत रस्ता खणतां येत नाहीं आणि काँक्रीटहि नीट घालतां येत नाहीं. म्हणून हें काम साधारणतः ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत चालतें. दुर्दैवानें हवेच्या दृष्टीनें वर्षाचा हाच काळ अडचणीचा आहे. पावसाळ्यांत सरी हवा धुऊन काढतात आणि नैर्ऋत्येचा जोरदार वारा उरलेंसुरलें वाहून नेतो. हिवाळ्यांत तसें होत नाहीं. वारा मंदावतो, रात्रीं जमीन निवते आणि तिच्या लगतची थंड हवा वरच्या उष्ण हवेच्या खालीं झांकणाखालच्या वाफेप्रमाणें कोंडून राहते, पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणाऱ्या हलक्या झुळुकीला ती हलविण्याचें बळ नसतें. म्हणजे शहराची धूळ पसरविण्याची शक्ति जेव्हां सर्वांत कमी, तेव्हांच धूळ निर्माण करणारें काम सर्वांत अधिक, असा हा योग आहे. त्यांतहि पावसापूर्वीं काम उरकण्याची घाई असतेच. २०२५ सालीं पाऊस मुंबईंत २६ मे रोजीं पोंचला. १९५० पासूनच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधींच आला नव्हता, आणि मेअखेरच्या मुदतीवर विसंबलेल्या कामांचे हिशेब त्यामुळें चुकले.

धूळ हा शब्द एक असला, तरी ती वस्तु एक नव्हे. मीटरच्या दहालक्षांशास मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. शंभर मायक्रॉनचा वाळूचा कण तीन मीटर उंचीवरून निवांत हवेंत सोडला, तर तो कांहीं सेकंदांत खालीं येतो. तोच कण दहा मायक्रॉनचा असेल तर त्यास सुमारें सहा मिनिटें लागतात, आणि अडीच मायक्रॉनचा असेल तर दीड तासाहून अधिक वेळ लागतो. वारा सेकंदास एक मीटर इतका मंद धरला, तरी पहिला कण रस्त्याच्या कडेलाच पडेल, दुसरा तीनशें-साडेतीनशें मीटरवरच्या गल्लींत शिरेल, आणि तिसरा पांच-सहा किलोमीटर दूर असलेल्या, रस्त्याचें काम कधीं न पाहिलेल्या घरांत जाईल. डोळ्यांत जाणारा, दांतांखालीं कचकचणारा, कपाटावर जाड थर देणारा कण त्रासदायक असतो. पण नाक आणि घसा त्याला बहुधा अडवितात. दहा मायक्रॉनच्या आंतले कण श्वासनलिकांत उतरतात, आणि अडीचच्या आंतले फुप्फुसांच्या अगदीं टोकांपर्यंत जातात. म्हणून सरकारी मोजमापें ह्या दोन आकारांवर आधारलेलीं आहेत. भारतांत २००९ पासून लागू असलेल्या मानकांप्रमाणें घनमीटर हवेंत दहा मायक्रॉनच्या आंतले कण चोवीस तासांच्या सरासरीनें १०० मायक्रोग्रॅमहून आणि अडीचच्या आंतले ६० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं सुचविलेल्या मर्यादा ह्याहून पुष्कळ कडक, म्हणजे अनुक्रमें ४५ आणि १५ आहेत.

आतां ही धूळ नेमकी येते कोठून? पाहणाऱ्यास वाटतें कीं, रस्ता फोडणारें यंत्र आणि माती उपसणारा यांत्रिक हात हेच मुख्य अपराधी. तेहि आहेतच, पण रस्त्याच्या कामांतील धुळीचा फार मोठा वांटा वाहनांच्या चाकांखालून येतो. उपसलेली माती डंपरमधून सांडते, खडीची भुकटी इकडे तिकडे पसरते, आणि तिच्यावरून दिवसभर जड गाड्या जातात. प्रत्येक चाक त्या मातीला थोडें अधिक दळतें आणि दळलेलें पीठ मागच्या झोतांत उडवून देतें. अमेरिकेंतील पर्यावरण खात्यानें पुष्कळ मोजण्या करून जें सूत्र बसविलें आहे, त्याप्रमाणें पक्क्या रस्त्यावरून उडणारी धूळ ही त्याच्यावर पडलेल्या बारीक मातीच्या आणि वाहनाच्या वजनाच्या जवळजवळ प्रमाणांत वाढते. माती निम्मी केली तर धूळ सुमारें निम्मी होते. तीस टनांचा डंपर एका टनाच्या मोटारीपेक्षां त्याच रस्त्यावर कितीतरी पटींनीं अधिक धूळ उडवितो, तो ह्यामुळेंच. म्हणून खणलेल्या खड्ड्याभोंवतीं पडदे लावून, खड्ड्यापासून हमरस्त्यापर्यंतची वाट मात्र मातीनें भरलेली ठेवणें, म्हणजे दार लावून खिडक्या सताड उघड्या टाकण्यासारखें आहे.

येथें सड्याचें तत्त्व उपयोगी पडतें. ओल्या मातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि चाकाखालून सहजासहजीं उडत नाहींत. परंतु ओलावा टिकला पाहिजे. एप्रिलच्या उन्हांत सकाळीं एकदां टँकर ओतून गेला, तर दुपारच्या आंतच सारें कोरडें होतें. शिवाय एकदम ओतलेलें पाणी खळग्यांत सांचतें आणि चिखल करतें. थोडें पाणी, बारीक फवाऱ्यानें, पुन्हां पुन्हां, हीच खरी रीत. माती काळसर दिसावी, पण पायाला चिकटूं नये, इतकेंच पाणी पुरे. हा चिखल लहान गोष्ट नव्हे. चाकांच्या खांचांत भरून तो दोन-तीन चौक दूर जातो, तेथें वाळतो, आणि ज्यांच्या दारांत कोणतेंहि काम चाललेलें नाहीं त्यांच्या घरांत धूळ होऊन शिरतो. ह्यावर उपाय म्हणजे कामावरून बाहेर पडणाऱ्या गाडीचीं चाकें धुणें, बाहेर पडण्याच्या वाटेवर खडी अंथरून चाकांची माती झडूं देणें, आणि जी सांडली ती त्याच दिवशीं उचलणें. तीहि कोरड्या झाडूनें लोटून नव्हे. मजुरांची एक रांग खराट्यांनीं धूळ उडवीत चालली आहे आणि मागून येणारी बस ती पुन्हां रस्त्यावर पसरवीत आहे, हें दृश्य सर्वांच्या ओळखीचें आहे. त्यानें रस्ता स्वच्छ दिसतो, पण हवेला कांहींच लाभ होत नाहीं. माती ओढून घेणाऱ्या यंत्रानें किंवा आधीं ओलावून मग गोळा केली तरच ती खरी गेली. शिंपडण्यास पिण्याचें पाणी वापरण्याचें तर कारणच नाहीं. विहिरीचें पाणी किंवा शुद्ध व निर्जंतुक केलेलें सांडपाणी ह्या कामास चालतें.

पाणी पुन्हां पुन्हां घालण्याचा कंटाळा येऊन दुसरें कांहीं घालावें, ही कल्पनाहि जुनी आहे. मोटारी धांवूं लागल्या तेव्हां युरोपांतील खडीचे रस्ते त्यांच्या वेगापुढें टिकेनात आणि प्रवासी धुळीनें माखून निघूं लागले. १९०२ सालीं मोनॅको येथें एर्न्स्ट गुल्येल्मिनेत्ती नांवाच्या स्विस डॉक्टरानें रस्त्यावर ऊन डांबर ओतून धूळ बसविण्याचा प्रयोग केला. तो इतका गाजला कीं, लोक त्याला डांबर-डॉक्टर म्हणूं लागले. आज ज्या डांबरी रस्त्याला घरोघरचे लोक वाट म्हणून ओळखतात, त्याच्या प्रसारामागें वाहतुकीच्या सोयीइतकीच धुळीपासून सुटका ही प्रेरणा होती, हें विसरून चालणार नाहीं. मात्र कोळशापासून निघणारें तें जुनें डांबर स्वतःच कर्करोगास कारण होऊं शकतें, हें पुढें उघडकीस आलें. त्याहून भयंकर उदाहरण अमेरिकेंतील मिझुरी प्रांतांतल्या टाइम्स बीच ह्या गांवचें. तेथें १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत कच्च्या रस्त्यांवरील धूळ दाबण्यासाठीं टाकाऊ तेल शिंपडण्यांत आलें. त्या तेलांत डायऑक्सिन हें अतिशय विषारी द्रव्य मिसळलेलें होतें. १९८३ सालीं सरकारला तें सारें गांव विकत घेऊन रिकामें करावें लागलें. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडसारखे हवेंतील ओल शोषून घेणारे क्षार पुष्कळ ठिकाणीं वापरतात आणि ते त्या मानानें निरुपद्रवी आहेत. पण काँक्रीटच्या रस्त्याच्या सांध्यांत लोखंडी सळ्या असतात, आणि क्लोराइड हा लोखंडाचा शत्रु. समुद्रकांठच्या शहरांत त्या सळ्यांवर आधींच खाऱ्या हवेचा मारा आहे. तेथें साधें पाणीच बरें.

इतका वेळ विचार झाला तो वाटसरूंचा आणि रहिवाशांचा. परंतु ह्या धुळीच्या सर्वांत जवळ असतो तो मजूर. काँक्रीट घट्ट होऊं लागलें म्हणजे त्याला मनमानेल तशा भेगा पडूं नयेत म्हणून, बहुधा पहिल्या चोवीस तासांतच, हिऱ्याच्या दांत्यांच्या चकतीनें त्यांत सरळ सांधे कापतात. जुनें काँक्रीट फोडतांना आणि फरशा कापतांनाहि असेंच यंत्र चालतें. ह्या कापण्यांतून जी पांढरी पूड उठते तींत सिलिका म्हणजे गारगोटीचा अंश असतो. त्याचे चार मायक्रॉनच्या आंतले कण फुप्फुसांत रुतून बसतात, तेथें व्रण करतात, आणि हळूंहळूं फुप्फुस ताठर होऊन श्वास अपुरा पडूं लागतो. ह्या रोगास सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाहीं. हा रोग असलेल्या माणसास क्षय होण्याचा धोकाहि फार वाढतो, आणि पुष्कळदां नुसता क्षय समजूनच त्याच्यावर उपचार होत राहतात. १९९७ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें अशी सिलिका माणसास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत घातली. १९३० सालीं अमेरिकेंत हॉक्स नेस्ट येथें सिलिकानें भरलेल्या खडकांतून बोगदा खणतांना काम लवकर व्हावें म्हणून कोरड्या यंत्रांनीं छिद्रें पाडण्यांत आलीं. शेंकडों मजूर, त्यांतले बहुतेक दूरवरून पोटासाठीं आलेले कृष्णवर्णीय, कांहीं वर्षांतच मरण पावले. एरवीं हा रोग वर्षानुवर्षें दबून राहतो. तो दिसूं लागतो तोंपर्यंत ठेका संपलेला असतो, मजूर आपल्या गांवीं परतलेला असतो, आणि त्याच्या खोकल्याचा त्या रस्त्याशीं असलेला संबंध कोणत्याहि वहींत लिहिला जात नाहीं.

उपाय मात्र माहीत आहे आणि तो महागहि नाहीं. चकतीच्या पात्यावर पाण्याची अखंड धार असली म्हणजे बहुतेक पूड जागच्या जागीं लगदा होऊन खालीं पडते. तो लगदा गोळा करून न्यावा लागतो. गटारांत सोडला तर तेथें गोठून बसतो, आणि रस्त्यावर ठेवला तर दुसऱ्या दिवशीं वाळून पुन्हां धूळच होते. मजुराच्या नाकावर बांधलेलें फडकें घामाला चालेल, ह्या कणांना नाहीं. त्यासाठीं चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक कण अडविणारा मुखपट्टा लागतो. अमेरिकेंत २०१६ च्या नियमाप्रमाणें आठ तासांच्या पाळींत मजुराच्या श्वासांत जाणारी अशी सिलिका घनमीटरला सरासरी ५० मायक्रोग्रॅमच्या वर जातां कामा नये. पुष्कळ ठिकाणीं मजुराची बायको आणि मुलेंहि त्याच रस्त्याच्या कडेला ताडपत्रीच्या आडोशाला राहतात. त्यांची पाळी आठ तासांची नसते.

नियमांची आपल्याकडे वाण नाहीं. केंद्र सरकारनें जानेवारी २०१८ मध्यें पर्यावरण-नियमांत दुरुस्ती करून बांधकामाच्या धुळीसंबंधीं अटी घातल्या: माती, वाळू आणि राडारोडा उघडा ठेवूं नये, गाड्या झांकून न्याव्या, उघड्यावर दगड-फरशा कापूं नयेत, पाण्याची फवारणी असावी, आणि योजलेल्या उपायांची पाटी कामाच्या जागीं सर्वांना दिसेल अशी लावावी. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबई महानगरपालिकेनें आपले नियम काढले. मोठ्या बांधकामांभोंवतीं ३५ फूट उंचीचे पत्रे उभारण्याची अट त्यांतलीच. पुढच्याच महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें बांधकामाचें साहित्य नेणाऱ्या गाड्या पूर्णपणें झांकलेल्या असाव्यात असा आदेश दिला. ३० डिसेंबर २०२४ रोजीं तर हवा फारच बिघडल्यामुळें बोरीवली पूर्व आणि भायखळा येथील बांधकामें थांबविण्यांत आलीं आणि रस्ते खणण्याच्या नव्या परवानग्याहि रोखल्या गेल्या.

पण हे नियम मुख्यतः इमारत डोळ्यांपुढें ठेवून घडविलेले दिसतात. इमारतीचें काम एका आवारांत असतें. त्याला भिंत घालतां येते, दार ठेवतां येतें, दाराशीं चाकें धुतां येतात. रस्त्याचें काम लांबट असतें आणि लोक त्याच्या आंतच राहत असतात. औषधाच्या दुकानाची पायरी खड्ड्याच्या कांठावर येते, शाळेचें दार पत्र्यांच्या फटींतून उघडतें, आणि शववाहिनीलाहि त्याच बोळांतून जावें लागतें. येथें ३५ फुटांचा पत्रा लावणें शक्यहि नाहीं आणि इष्टहि नाहीं. म्हणून रस्त्याच्या बाबतींत मुख्य उपाय योजनेचा आहे, पत्र्याचा नाहीं. एका वेळीं किती लांबी खणली हाच खरा प्रश्न. पूर्ण गल्ली एकदम उघडून चार महिने तशी ठेवण्यापेक्षां थोडी लांबी खणून, भरून, मग पुढें सरकलें, तर उघडी माती नेहमींच थोडी राहते. जलवाहिनी, मलवाहिनी, वीज, गॅस आणि तारा ह्यांची कामें त्याच वेळीं एकत्र उरकलीं, आणि पुढच्या तारांसाठीं नळ्या घालून ठेवल्या, तर तोच रस्ता दोन वर्षांनीं पुन्हां फुटत नाहीं. न खणलेल्या मातीची धूळ उडत नाहीं. ह्याहून स्वस्त उपाय कोणत्याहि यंत्राच्या यादींत सांपडणार नाहीं.

ह्याच्या उलट जो उपाय सर्वांत अधिक दिसतो, तो सर्वांत कमी कामाचा आहे. ट्रकवर बसविलेली ती धुक्याची तोफ लोकांना फार आवडते. तिचीं छायाचित्रेंहि चांगलीं येतात. परंतु हवेंत तरंगणारा सूक्ष्म कण पाण्याच्या मोठ्या थेंबाला सहसा सांपडत नाहीं. थेंब खालीं येतांना त्याच्या पुढची हवा बाजूला सरते आणि कणहि तिच्याबरोबर वळसा घालून निसटतो. थेंब अगदीं कणाच्याच तोलाचा केला तर गांठ पडते, पण तसला थेंब उन्हांत क्षणांत वाळून जातो. खडी ओततांना किंवा जुनें काँक्रीट फोडतांना, धूळ जेथें जन्मते तेथेंच तोंडाशीं धरली तर ही तोफ कांहीं उपयोगाची आहे. मोकळ्या चौकांत आकाशाकडे तोंड करून सोडली तर ती रस्ता ओला करते, इतकेंच. जें पाणी हवेंत उडविलें, तेंच जमिनीवर घातलें असतें तर अधिक कामास आलें असतें.

धुराचाहि थोडा विचार हवा. एक बाजू बंद झाली म्हणजे उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर गाड्या तासन् तास खोळंबतात, आणि उभ्या गाडीचा धूर सरळ लगतच्या खिडकींत जातो. डिझेलच्या धुराचे कण अडीच मायक्रॉनहून फार लहान असतात, आणि २०१२ पासून तेहि कर्करोगकारक द्रव्यांच्या यादींत आहेत. काम नसतां यंत्र बंद ठेवणें, वाहतूक दुसरीकडून वळविणें आणि जड गाड्यांची ये-जा शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा टाळून करणें, ह्यांत खर्चाचा प्रश्न येत नाहीं.

काम चालू असतां हवा खरोखर किती बिघडते हें मोजल्यावांचून सारें बोलणें अंदाजाचें राहतें. शहराचें सरकारी हवामापक-केंद्र दोन-तीन किलोमीटरवर असतें. त्याच्या आंकड्यावरून एका गल्लीची स्थिति कळत नाहीं. चांगली रीत अशी कीं, कामाच्या ज्या बाजूनें वारा येतो तेथें एक मापक आणि ज्या बाजूला जातो तेथें दुसरें ठेवावें. दोहोंतला फरक तेवढा त्या कामाचा. बाकीची धूळ शहराची. इंग्लंडांतील तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शनांत दहा मायक्रॉनच्या कणांचें प्रमाण तासाच्या सरासरीनें १९० मायक्रोग्रॅमवर गेलें, तर कारण शोधून लगेच उपाय करावा असें सांगितलें आहे. तास हें माप महत्त्वाचें आहे. चोवीस तासांच्या सरासरींत दुपारचा एक भयंकर तास सहज लपून जातो.

घरांतील माणसांना स्वतःपुरतें थोडें करतां येण्यासारखें आहे. काम चालू असतां रस्त्याकडील खिडक्या लावून मागील बाजूच्या उघडाव्या. फरशी आणि कपाटें कोरड्या फडक्यानें झटकूं नयेत, ओल्यानें पुसावीं. दमेकरी माणसाला आणि तान्ह्या मुलाला मागच्या खोलींत हलवावें. तक्रार करावयाची झाली तर धूळ फार आहे एवढेंच लिहून भागत नाहीं, कारण त्याला उत्तर म्हणून सायंकाळीं एक टँकर येऊन रस्त्यावर पाणी ओतून जातो. उपायांची पाटी लावली आहे काय, मातीचे ढीग झांकलेले आहेत काय, बाहेर जाणाऱ्या गाड्यांचीं चाकें कोठें धुतलीं जातात, सांधे कापतांना पात्यावर पाणी असतें काय, कापणाऱ्या मजुराच्या तोंडावर काय आहे, आणि निघालेला लगदा कोठें जातो, असे प्रश्न तारीख आणि वेळ घालून विचारलेले बरे. त्यांतले पुष्कळसे गच्चींत उभें राहून दहा मिनिटांत पाहून घेतां येतात.